खोली वजा करून

जळगावात मे महिन्याची वाट बघणारं माणूस मी एकच पाहिलं. बाकी आम्ही सगळे मार्च लागला की कपाळाला हात लावायचो. माठ धुऊन काढा, खोलीच्या कूलरला नवा वाळा लावा, खिडक्यांना जुन्या चादरी बांधा. आणि आमच्या घरमालकीण, ज्यांना अख्खी गल्ली अक्का म्हणायची, त्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचं कुलूप काढून उत्साहाने झाडलोट सुरू करायच्या. एखाद्या वर्षी एप्रिलच्या शेवटी ढग आले, जरा गार वारा सुटला, की त्यांचं तोंड उतरायचं. "यंदा काही खरं नाही," म्हणायच्या. मला सुरुवातीला वाटलं, बाईंची कुठे केळीची बाग असेल. बागबीग काही नव्हती. त्यांना कम्प्युटरच्या प्रोसेसरवर बसवायचे कूलर तपासायचे असायचे, आणि त्यासाठी तापलेली खोली लागायची.

ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. कम्प्युटरच्या डब्यात प्रोसेसर नावाची बिस्किटाएवढी चौकोनी चकती असते. सगळं डोकं तिच्यात. काम पडलं की ती तापते, फार तापली की आपोआप हळू होते, त्याहूनही तापली की मशीन बंद. म्हणून तिच्यावर तांब्याच्या नळ्या आणि अॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा एक ठोकळा बसवतात आणि त्याला पंखा लावतात. हाच तो एअर कूलर. बाजारात त्याचे ढीगभर प्रकार, आणि प्रत्येक खोक्यावर लिहिलेलं की आमच्याइतका थंड दुसरा नाही. खरं काय ते आमच्या भागात अक्का सांगायच्या.

अक्का शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेल्या. साठी ओलांडलेली, अंगावर सुती साडी, मनगटावर नवऱ्याचं जुनं घड्याळ. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. रिटायर झाल्यावर हौसेने कम्प्युटर घेतला, तर पहिल्याच उन्हाळ्यात तो दुपारचा बंद पडायला लागला. दुकानदार म्हणाला, "बाई, आपल्याकडे मे महिन्यात असं होतंच." बस. 'होतंच' म्हणून कोणी हात झटकले की अक्कांच्या डोक्यात तिडीक जायची. त्या दिवसापासून त्यांनी जो स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला तो घेतला.

मी मूळचा चाळीसगावचा, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणारा. आमची लग्नसराई नेमकी उन्हाळ्यात, म्हणजे माझ्या मशीनला काम आणि ताप दोन्ही एकदमच. खोली बघायला गेलो तर अक्कांनी भाडं सांगायच्या आधी विचारलं, "मशीनवर कूलर कुठला?" मी मोठ्या ऐटीत नाव सांगितलं. त्यांनी असं तोंड केलं, जणू मी शिळी भाजी आणून ठेवली होती. "तो? तो पुण्यात चालतो," म्हणाल्या आणि मग भाडं सांगितलं.

त्यांचं पालुपद एकच. "आकडा एकटा सांगू नको. त्याच्याबरोबर खोली सांग." कुणी गेम खेळणारा पोरगा येऊन म्हणायचा, अक्का, माझा प्रोसेसर सत्तर डिग्रीच्या वर जातच नाही. अक्का विचारायच्या, "खोलीत किती होतं?" एसी असतो म्हणाला की संपलंच. "खोली वीस आणि प्रोसेसर सत्तर, म्हणजे पन्नास चढला. आमच्याकडे खोलीच त्रेचाळीस असते, राजा. मग चढव पन्नास आणि सांग मला किती झाले." शाळेतून भंगारात निघालेला एक फळा त्यांनी भिंतीला टांगला होता. त्यावर प्रोसेसरचा आकडा, खाली खोलीचा, मध्ये वजाबाकीची रेघ. ती खालची बाकी म्हणजे त्यांच्या लेखी कूलरची खरी लायकी.

परीक्षा भर दुपारी. पत्रा असा तापायचा की वर पापड भाजता आला असता. खोलीतला पंखा बंद, दार लावलेलं, मशीनला भरपूर काम लावून दिलेलं, आणि अक्का डोक्यावर ओला टॉवेल टाकून समोर स्टुलावर बसलेल्या. आकडा चढायचा, चढायचा, मग एका जागी थबकायचा. थबकला तरी त्या बसूनच. "ताप उतरतोय की चढायचाय अजून, ते बघू दे," म्हणायच्या. मी एकदा विचारलं, अक्का, स्क्रीन तर बाहेरूनही दिसेल, आत कशाला शिजताय? म्हणाल्या, "पोरं पेपर लिहितात तेव्हा मास्तर बाहेर बसतो का?" मी बाहेर माठाजवळ जाऊन उभा राहिलो.

आवाजाची परीक्षा मात्र सकाळी, खालच्या खोलीत, आणि त्यात माझं फार हसं व्हायचं. मला एका टोकाला बसवायचं, मध्ये मशीन पूर्ण जोरात, आणि दुसऱ्या टोकाला बसून अक्का कुजबुजणार. मला ऐकू आलं तर कूलर पास. आता कुजबुजायला त्यांना विषय माझ्याशिवाय दुसरा नाही. "काल पाचोऱ्याच्या मुलीचा फोन तासभर चालला होता हं." माझे कान लाल झाले की त्या फळ्यावर खूण करायच्या. एकदा मी मुद्दाम दगडासारखा बसून राहिलो, तर त्यांनी तेवढ्याच हळू आवाजात सांगितलं, "तिचा बाप आज खोली बघायला येतोय." मी ताडकन उठलो. तो कूलर पहिल्या झटक्यात पास झाला. पाचोऱ्याची मुलगी आता माझी बायको आहे, आणि ही गोष्ट तिला पाठ आहे.

कापसाचा हंगाम असला की त्या मशीन ओळखीच्या जिनिंगवाल्यांच्या ऑफिसात आठवडाभर चालू ठेवून यायच्या. तिथे हवेत कापसाचा तंतू असा उडतो की टेबलावरचा चहा झाकून ठेवावा लागतो. आठवड्याने कूलर उघडला की पट्ट्यांमध्ये पांढरी गादी भरलेली. ती साध्या रंगाच्या ब्रशने निघाली तर ठीक. सगळे स्क्रू काढून, ठोकळा उचकटून मगच साफ होत असेल तर अक्का त्याला तिथल्या तिथे बाद करायच्या. "कोण करतं एवढं? तू करशील का?" मला विचारायच्या. मी खरं काय ते सांगायचो, की नाही करणार.

रावेरकडचे एक केळीचे व्यापारी एकदा मशीन घेऊन आले. उन्हाळ्यात कम्प्युटर तापतो म्हणून त्यांनी तो डबा उघडून खोलीच्या मोठ्या कूलरसमोर ठेवला होता, वाळ्यातून येणाऱ्या ओल्या वाऱ्यात. आपल्याकडे असं करणारे घरोघरी सापडतील. मशीनला गार वाटावं एवढीच बिचाऱ्यांची इच्छा. पण पाणी बोअरचं, त्यामुळे पट्ट्यांवर पांढरा थर चढलेला आणि स्क्रू गंजून लाल. अक्का रागावल्या नाहीत. त्यांनी तो ठोकळा दोन्ही हातांत धरून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "शेठ, तुम्ही याचे लाड केले. याला कोरडा वारा लागतो." व्यापारी असे वरमले की जाताना केळीचा अख्खा घड ठेवून गेले, आणि आम्ही गल्लीभर वाटला तरी तो संपेना.

या सगळ्याचे व्हिडिओ अक्का इंटरनेटवर टाकायच्या. शूटिंग आणि एडिटिंग माझं. व्हिडिओत त्यांचा चेहरा नाही, नुसता बांगड्यांचा हात, कूलर आणि मागे फळा. मी हौसेने कुठे संगीत टाकलं तर लगेच, "काढ ते. पंखा ऐकू येत नाही." शेवटी निकाल, शाळेतलाच: पास, नापास आणि क्वचित ढकलपास. बघता बघता असं झालं की जळगाव, धुळे, नंदुरबारचे दुकानदार नवा माल भरायच्या आधी विचारायचे, अक्का काय म्हणतात? कंपन्या फुकट कूलर पाठवायच्या. अक्का ते तपासून, पुसून, खोक्यात घालून जसेच्या तसे परत पाठवायच्या. मी रोज कॅमेऱ्यामागे उभा असायचो, तरी खरं सांगतो, त्या बाईचा मला धाक वाटायचा आणि अभिमानही. एवढ्या नेमाने, कोणी सांगितलेलं नसताना काम करणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

शेवटची परीक्षा रस्त्याची. आमच्या शेजारी एक नाना राहायचे, त्यांची लोडिंग रिक्षा होती, बाजारात भाजीपाला पोचवायचे. अक्का कूलर बसवलेली मशीन त्या रिक्षात उभी बांधायच्या, शेजारी स्वतः छत्री घेऊन बसायच्या आणि नशिराबादच्या पुढे शेतातल्या गाडरस्त्यांवर फिरवून आणायच्या. खाली गोधडी नाही, पोतं नाही. ठोकळा जड असतो आणि उभ्या मशीनमध्ये तो आडवा लटकलेला असतो. त्याची पकड कच्ची असेल तर खड्ड्यात ती सैल होते, आणि मग प्रोसेसरचा ताप ठोकळ्यापर्यंत पोचतच नाही. वाटेत कोणी विचारलं, अक्का, कम्प्युटर कुठे चालला, तर म्हणायच्या, "हवा खायला." नाना आम्हाला सांगायचे, बाई काही साध्या नाहीत, खड्डा चुकवला तर मला रिक्षा मागे घ्यायला लावतात.

याच रस्त्याने अक्कांच्या घरात वर्षभर दुखणं आणलं.

अक्कांना एक धाकटी बहीण, धुळ्याला दिलेली. आईवडील गेल्यापासून बहिणीचं माहेर म्हणजे अक्का. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती जळगावला यायची. आपल्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, रस-पुरणपोळी होते. या दोघी साठीच्या आसपासच्या बायका अंगणातल्या निंबाला झोका बांधून आळीपाळीने बसायच्या आणि अहिराणीत गाणी म्हणायच्या. एरवी आमच्याशी शुद्ध बोलणाऱ्या अक्का त्या दिवशी 'आहे'च्या 'शे'वर, 'सगळं'च्या 'बठ्ठं'वर आणि 'आले'च्या 'उनू'वर उतरायच्या. बहिणीचा मुलगा भूषण आठवी ते बारावी अक्कांच्याच घरी शिकला होता. त्यांनी त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, असं गल्लीत सगळेच सांगायचे.

हा भूषण पुण्याची नोकरी सोडून धुळ्याला आला आणि एमआयडीसीत लहानसं वर्कशॉप टाकून त्याने स्वतः प्रोसेसरचा कूलर बनवला. नळ्या आणि पंखे बाहेरून आणलेले. पट्ट्या, जोडणी आणि पकड त्याची. दुकानदार म्हणाले, माल देखणा आहे, पण अक्कांना दाखवा. त्या हो म्हणाल्या की आम्ही ठेवतो. आखाजीच्या तोंडावर तो पहिला नमुना घेऊन जळगावला आला.

पत्र्याच्या खोलीत अक्का बसल्या, भूषणही शेजारी बसला. घामाने दोघं निथळत होते. आकडा चढून थबकला आणि अक्कांनी फळ्यावर वजाबाकी केली. आजवर त्या फळ्यावर एवढी कमी बाकी मी पाहिली नव्हती. परदेशी, महागडे, सगळे याच्या मागे. अक्कांनी बाकीखाली दुहेरी रेघ ओढली. मग भाच्याकडे वळून म्हणाल्या, "बेस शे रे." भूषणचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाजात पास; कापसाचा हंगाम नव्हता म्हणून पट्ट्यांत घरचाच कापूस पिंजून भरला, तो ब्रशने निघाला, सफाईतही पास. त्याने धुळ्याला आईला फोन करून सांगूनही टाकलं.

मग नानांची रिक्षा. परत आल्यावर मशीन लावली, तर आकडा थबकायचं नावच घेईना. नव्वदीच्या वर गेला आणि मशीन रखडायला लागली. अक्कांनी डबा उघडून ठोकळ्याला बोट लावलं. एका बाजूने तो किंचित हलला. पकडीचा एक पाय वाकला होता, नखाएवढा.

"मावशी, कम्प्युटर कोन फिरवस लोडिंग रिक्षामा?" भूषण म्हणाला.

"तुझं गिऱ्हाईक. साक्रीला, शिरपूरला, चोपड्याला तो कशात बसून जाणार आहे? पालखीत?"

तो हसला नाही. मीही मध्ये पडलो. म्हटलं, अक्का, ढकलपास तरी करा. बाकी सगळ्यात पहिला नंबर आहे पोराचा. नाहीतर व्हिडिओच नका टाकू. अक्कांनी पकडीचा वाकलेला पाय बोटाने चाचपला. मग म्हणाल्या, "दुकानदार विचारणार आहेत मला. गप्प बसले तरी ते उत्तरच झालं. आणि याला ढकललं तर उद्या कोणीही म्हणेल, आधीचे पास खरे होते की तेही कोणाचे भाचे होते?" व्हिडिओत त्यांनी सरळ सांगितलं, हा माझ्या बहिणीच्या मुलाने बनवला आहे. थंड ठेवण्यात मी तपासलेल्या सगळ्यांच्या वर. पण रस्त्यात सैल होतो. नापास. भूषण जेवायला न थांबता धुळ्याला निघून गेला.

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. आवाज मला जिन्यात ऐकू येत होता. "मन्हा पोऱ्या शे तो. तुले काहीच नही का त्यानं?" अक्का नुसतं "शे ना, शे ना" म्हणत राहिल्या. दुकानदारांनी माल नाकारला, आणि त्या आखाजीला बहीण आली नाही.

झोका मात्र अक्कांनी बांधला होता. दुपारी मला जेवायला बोलावलं. स्वयंपाक दोघी बहिणींच्या बेताने केलेला, मला रस वाटीभर जास्त वाढला. त्यांनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "आंबा गोड नाही यंदा." आंबा साखरेसारखा गोड होता. मी मान खाली घालून जेवलो, कारण वर बघितलं असतं तर मलाच रडू आलं असतं.

पुढचं वर्षभर अक्कांनी कूलर तपासले, निकाल दिले, सगळं पूर्वीसारखं. भूषण त्यांचा फोन घेत नसे. म्हणून त्यांनी माझ्याकरवी निरोप पाठवला, की प्रोसेसर ज्या बोर्डावर बसतो त्याच्या मागून पोलादी पट्टी दे आणि स्क्रूला स्प्रिंग घाल. त्याने मला ऐकवलं, "तुमच्या अक्कांना सांगा, माझ्या कामात लक्ष घालू नका." मी हे अक्कांना सांगितलं नाही. पण त्यांनी विचारलंही नाही, म्हणजे त्यांना कळलंच असणार. मला त्या दिवसांत त्यांचा राग यायचा, अगदी खरं सांगतो. एका वाकलेल्या पत्र्यापायी बहीण घालवली, असं मनात यायचं. आणि दुपारी त्या पत्र्याच्या खोलीत ताठ बसलेल्या दिसल्या की राग कुठल्या कुठे जायचा.

पुढची आखाजी आली. ऊन मी म्हणत होतं. रिक्षा थांबली आणि धुळ्याची बहीण उतरली, हातात कम्प्युटरचा डबा पोराला घ्यावं तसा कवळलेला. मी धावत जाऊन घ्यायला लागलो तर देईना. थेट अक्कांच्या पुढ्यात ठेवला. भूषणने नवीन पकड करून कूलर बसवून ठेवला होता म्हणे, पण आणायची हिंमत होत नव्हती. हिने त्याला न सांगता उचलला आणि एसटीत बसली.

"धुळ्यापासून मांडीवर ठेवून आणलाय," ती म्हणाली. "बठ्ठी हाडं खिळखिळी व्हयनी मन्ही. आते लाव आणि बघ."

अक्का डब्याकडे बघत राहिल्या. वर्षाने बहीण दारात आली आहे, पाणी विचारावं, मिठी मारावी, तर बाई म्हणते काय, "मांडीवरून आणलेलं धरत नाहीत गं. मांडी म्हणजे गादी झाली."

मला वाटलं, संपलं आता. ही आल्या पावली परत जाणार. बहिणीने कमरेला पदर खोचला. "मग चाल. बोलाव तुन्हा नानाले. मी बी बठस रिक्षामा."

आणि आखाजीच्या भर दुपारी, गल्लीत घरोघर रस वाढला जात असताना, दोघी बहिणी नानांच्या रिक्षात मशीनच्या दोन बाजूंना एकेक छत्री धरून बसल्या. मागून मी मोटारसायकलवर. नाना खड्डा चुकवू पाहायचे तेव्हा या वेळी धाकटीच ओरडायची, "तिकडून घ्या, तिकडून." नशिराबादच्या पुढे एका मोठ्या खड्ड्यात डबा कलला, तेव्हा दोघींचे हात एकदम त्याच्याकडे गेले; अक्कांनी धाकटीचा हात मधेच धरला, डब्याला लागू दिला नाही, आणि परत येईपर्यंत सोडला नाही.

घरी आल्यावर मशीन पत्र्याच्या खोलीत लावली. धाकटी म्हणाली, मी आतच बसणार. आकडा चढू लागला. मी कॅमेरा लावायचं विसरलो होतो आणि अक्कांनीही आठवण केली नाही. आकडा चढला, थबकला, तिथेच राहिला. अक्का नेहमीपेक्षाही जास्त वेळ बसल्या. शेवटी उठून डबा उघडला, ठोकळ्याला चारी बाजूंनी बोट लावून पाहिलं. तसूभर हलला नाही. त्यांनी फळ्यावर भूषणचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, पास. पाठ आमच्याकडे होती, पण खांदे हलत होते.

धाकटी पदराने तोंड पुसत म्हणाली, "आनि नापास व्हयनं असतं मंग?"

अक्का वळल्या नाहीत. "मंग नापास म्हनलं असतं."

"माले ठावं व्हतं," बहीण म्हणाली. "तरी उनू ना मी."